लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ कुणाची?

परवा फोनवर तुझा आवाज ऐकला आणि ओळखलं, पोरगी ड्युटी लिस्ट लावायला बसली आहे. परिसेविका झाल्याचे पेढे वाटून महिना झाला नाही, तोवर दोन सिस्टर तुझ्याशी बोलेनाशा झाल्या आणि तिसरी मेट्रनच्या कानाला लागून आली. ‘आत्या, दोघींनाही दिवाळीच हवी आहे, कुणाची सुट्टी जास्त महत्त्वाची हे मी कसं ठरवू?’ असं तू विचारलंस. मी ‘बघू’ म्हणून फोन ठेवला, कारण कुकरची तिसरी शिट्टी झाली होती. आता निवांत बसून लिहिते. 33 वर्षं वॉर्डात काढली, त्यातली शेवटची 14 या लिस्टपायी. हल्ली औषधांची नावं आठवायला वेळ लागतो, पण कुठल्या दिवाळीला कोण नाईटला होतं ते अजून सांगू शकते.

आधी एक हिशेब कर. वॉर्डात एका टेबलाला चोवीस तास एक बाई बसवायची तर दिवसाच्या तीन पाळ्या, आठवड्याच्या 21. एक बाई आठवड्याला सहाच करणार. म्हणजे एका टेबलाला साडेतीन बाया लागतात. ती अर्धी बाई कुठून आणायची हा प्रश्न मी निवृत्त होईपर्यंत सुटला नव्हता. वर प्रत्येकीच्या वर्षाच्या आठ सीएल म्हणजे नैमित्तिक रजा, तीस दिवस अर्जित रजा, एकीचं बाळंतपण, एकीचं ट्रेनिंग, आणि रिकाम्या पदांचं तर बोलायलाच नको. तेव्हा एकीच्या नावापुढे तू ‘डीओ’, म्हणजे डे ऑफ, लिहितेस तो दिवस आभाळातून पडत नाही. तो खालच्या ओळीतल्या बाईच्या अंगातून काढलेला असतो. तुला त्या दोघी बोलत नाहीत त्याचं मूळ इथे आहे, तुझ्या स्वभावात नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. कुणाची सुट्टी महत्त्वाची, हे तू ठरवायला बसूच नकोस. वास्तुशांती मोठी की मुलाचं गॅदरिंग, नणंदेचं डोहाळजेवण मोठं की मैत्रिणीबरोबरची महाबळेश्वरची सहल, असा तराजू हातात घेतलास की तुझे हात भरून येतील आणि पारडं काही स्थिर व्हायचं नाही. मी दोनच गोष्टी विचारायची. ही तारीख हलते का? आणि मागच्या खेपेला कोण थांबलं होतं?

आमचा वॉर्ड मेडिसिनचा, मुंबईतला. गणपती येतो तो ऐन मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोच्या दिवसांत. खाटा भरलेल्या, दोन खाटांच्या मधे गाद्या टाकलेल्या, आणि निम्म्या सिस्टर कोकणातल्या. केरळच्या दोघी होत्या, त्यांचा ओणमही बहुधा त्याच सुमाराला. 2005 साली 26 जुलैच्या पुरानंतर लेप्टोने वॉर्ड भरला आणि आमच्याकडे सगळ्यांच्याच रजा रद्द झाल्या, तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. भांडणं होतात ती साध्या वर्षी.

तर अशाच एका साध्या वर्षी तिघींनी गणपती मागितला. एका वेळी दोघींहून जास्त सोडता येत नव्हत्या. मी तिघींना चहाला बसवलं आणि विचारलं, गणपती म्हणजे नेमकं काय? एकीच्या घरी दीड दिवसाचा. दुसरीने गावी नवं घर बांधलं होतं, त्यातला पहिला गणपती. तिसरीचं मे महिन्यात लग्न झालेलं, तिला चतुर्थीशी देणंघेणं नव्हतंच, तिचा होता गौरीचा ओवसा, म्हणजे गौरीला सूप वाहायचा विधी. तुला ठाऊक नसेल, नव्या सुनेचा पहिला ओवसा दर वर्षी होईलच असं नाही. गौर कुठल्या नक्षत्रात येते त्यावर तो ठरतो, हे मला त्या कोकणातल्या बायकांनीच शिकवलं. यंदा चुकला तर मग थांबा. म्हणजे तारीख न हलणाऱ्यांतली सगळ्यात पक्की तारीख तिची, आणि बिचारी सगळ्यात लहान म्हणून सगळ्यात हळू बोलत होती. मग काय, दीड दिवसवाली आणि नव्या घरवाली आधी गेल्या. दीड दिवसवाली विसर्जन करून रात्रीच्या गाडीला बसली, तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे चोळत हजर झाली, आणि त्याच दिवशी नवी नवरी निघाली. तिन्ही कामं झाली. चहाआधी मात्र तिघी एकमेकींच्या वैरिणी होत्या.

म्हणून सांगते, सणाच्या नावाने रजेचा अर्ज घेऊच नकोस, पाळी विचार. तुझ्या त्या दोघींना ‘दिवाळी’ हवी आहे म्हणतेस. दिवाळी म्हणजे चार-पाच दिवसांच्या बारा-पंधरा पाळ्या. एखादीला नरकचतुर्दशीची पहाट हवी असते, पोरांना उटणं लावायला. तिला संध्याकाळच्या पाळीचं काही नाही. एखादीला लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ हवी, कारण नवऱ्याचं दुकान आहे आणि चोपडीपूजन आहे. लेकीचा पहिला दिवाळसण असेल तर पाडव्याला जावई येणार. भाऊबीज हवी असते ती माहेर गावात असलं तर निम्मा दिवस, माहेर जळगावला असलं तर तीन दिवस. त्या दोघींना एकत्र बसवून विचार. नव्वद टक्के वेळा दोघींच्या दिवाळ्या वेगवेगळ्या निघतात, हा माझा अनुभव. आकडा अंदाजाने लिहिला आहे, उगाच कुणाला सांगू नकोस.

आणि हे विचारायचं कधी? गाडीचं बुकिंग उघडायच्या आधी. माझ्या वेळी रेल्वेचं आरक्षण 120 दिवस आधी मिळायचं, 2024 च्या नोव्हेंबरपासून ते 60 दिवसांवर आलं. कोकणकन्या काय, मांडवी काय, गणपतीच्या तारखांची तिकिटं खिडकी उघडताच संपतात. तेव्हा गणपतीची लिस्ट श्रावणात लावून उपयोग नाही. तिकीट हातात असलेल्या बाईला तू नाही म्हटलंस की तू तिची सुट्टीही घेतलीस आणि तिकीटही. मी बुकिंग उघडायच्या आधीच शिसपेन्सिलीने कच्ची लिस्ट भिंतीवर लावायची. त्यावर आठ दिवस काय ते बोला, नंतर शाई.

वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांचे सण एका कागदावर मांड. वसईच्या सिस्टरला नाताळ, नागपूरच्या सिस्टरला 14 एप्रिल आणि दसरा, केरळच्यांना ओणम. ईदसाठी पुढचा एक दिवसही मोकळा ठेव, चंद्र आपली लिस्ट बघून उगवत नाही. सगळ्यांचे सण एकाच आठवड्यात येत नाहीत हे वॉर्डावर मोठे उपकार आहेत. आमची वसईची सिस्टर 12 वर्षं लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी उभी राहिली आणि 24 डिसेंबरच्या रात्री कुणीतरी तिच्यासाठी उभं राहिलं. आम्हाला ते कुणी शिकवायला आलं नव्हतं.

एक वही कर. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. डाव्या रकान्यात सण, उजवीकडे त्या दिवशी कोण कुठल्या पाळीला होतं ती नावं. बस्स. सुतळी बांधून ड्युटी टेबलाला लटकव, कुलपात ठेवू नकोस. वाद आला की तू बोलायचं नाही, वहीने बोलायचं. ‘मलाच दर वेळी’ म्हणणारी बाई वही उलटून बघते आणि निम्म्या वेळा गप्प होते. उरलेल्या निम्म्या वेळा ती खरंच बोलत असते, आणि मग आपण गप्प व्हायचं.

ही वही मला का सुचली ते तुला ठाऊक नाही. मी लग्न केलं नाही. त्यामुळे नोकरीला लागले तेव्हापासून लिस्ट लावणाऱ्या बाईंचं एक ठरलेलं वाक्य असे, ‘तुला काय गं, एकटा जीव सदाशिव.’ ज्यांना मुलं त्यांना दिवाळी, ज्यांना सासू त्यांना गणपती, आणि जिला यातलं काही नाही तिने नाईट. पहिल्या अकरा वर्षांत मला एकदा लक्ष्मीपूजन मिळालं, तेही टायफॉइड होऊन पडले होते म्हणून. तुझे आजी-आजोबा तेव्हा होते. दिवा लावताना आई दाराकडे बघत असायची म्हणे, हे तुझ्या आईने मला नंतर कधीतरी सांगितलं. एकट्या बाईलाही आईबाप असतात, भाऊ असतो, आणि कुणीच नसलं तरी पंख्याखाली पाय पसरून पडायला एक खोली असते. ती सुट्टी काही कमी प्रतीची नाही.

एका भाऊबीजेला दादा, म्हणजे तुझे बाबा, थेट हॉस्पिटलात आले. मला संध्याकाळची पाळी होती आणि रिलीव्हर आली नव्हती. रात्रीचे पावणेदहा. ओवाळायला ताम्हण कुठून आणणार? मी धुतलेला किडनी ट्रे घेतला, त्यात आयाबाईंच्या डब्यातलं निरांजन ठेवलं, सुपारीच्या जागी खडीसाखर. वॉर्डात ऑक्सिजन चालू, म्हणून दोन मजले खाली जिन्याच्या वळणावर दादाला उभं केलं आणि ओवाळलं. त्याने ओवाळणीत शंभराची नोट घातली. ती नोट ट्रेच्या वळणात अशी काही चपखल बसली की आम्ही दोघंही हसत सुटलो. हसून वर आले तर बारा नंबरची सलाईन संपत आलेली.

त्या लिस्ट लावणाऱ्या बाईंचा राग मी बरीच वर्षं धरला. मग स्वतः परिसेविका झाले आणि त्यांच्याहून वाईट चूक केली.

एका तरुण मुलीने गुरुवारची सीएल मागितली. अर्जावर कारण, ‘वैयक्तिक काम’. त्याच दिवशी दुसरीकडे वास्तुशांती होती, पत्रिका छापलेली, मला आमंत्रण होतं. मी भर ड्युटीरूममध्ये, चार जणींसमोर, त्या मुलीला विचारलं, ‘काय काम आहे एवढं?’ ती म्हणाली, ‘काही नाही सिस्टर, राहू दे.’ मी राहू दिलं. गुरुवारी ती कामावर आली, इंजेक्शनं दिली, तापमानाचे तक्ते भरले. पुढच्या महिन्यात दुसऱ्याच कुणाकडून कळलं की त्या दिवशी तिची कौटुंबिक न्यायालयात तारीख होती. ती गेली नाही म्हणून पुढची तारीख चार महिन्यांनी पडली. चार महिने त्या घरात. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, ‘तुम्हाला कुठे ठाऊक होतं?’ हेच तर. मला ठाऊक नव्हतं, कारण मी चौघींसमोर विचारलं.

तेव्हापासून मी कारण विचारणं सोडून दिलं. बाजूला घेऊन एवढंच म्हणायची, ‘पुढच्या आठवड्यावर गेलं तर चालेल का?’ चालेल म्हणाली तर ढकलायचं. नाही म्हणाली तर ते नाही घ्यायचं, खोदायचं नाही. पत्रिका छापून येणारं काम आणि तोंडातून न निघणारं काम, यात दुसरं बहुतेक वेळा जास्त नडलेलं असतं.

मग थापा मारतील त्यांचं काय, असं तू विचारशील. मारतात. एकीची आजी माझ्या हाताखाली तीनदा वारली. मी तीनदा ‘वाईट झालं’ म्हटलं आणि वहीत दिवस मांडला. वहीत कारणाचा रकाना नाही, म्हणून खोट्या आजीचा दिवसही खऱ्या दिवसाइतकाच मोजला जातो. पुढच्या सणाला तीच थांबते. पोलीसगिरी करत बसलीस तर खऱ्या आजीवाल्या बाईला तुझ्यापुढे रडून दाखवावं लागेल. सणावारी मेडिकल टाकणाऱ्यांचंही तेच. एकदा चालतं, दुसऱ्यांदा वही दाखवायची.

आपसात ड्युटी बदलली तर दोघींच्या सह्या घे. आमच्याकडे दोघींनी जिन्यात तोंडी बदली केली, एकीला शुक्रवार ऐकू आला, दुसरीला शनिवार. त्या रात्री टेबलावर कुणीच आलं नाही आणि संध्याकाळच्या बाईला सकाळपर्यंत थांबावं लागलं. तिच्या घरी दोन वर्षांचं मूल होतं.

दिलेली सुट्टी काढून घ्यायची पाळी येतेच. तेव्हा व्हॉट्सअॅपवर ‘ऑफ कॅन्सल’ असं टाकून मोकळी होऊ नकोस. फोन कर, माग. ‘जमेल का’ म्हण आणि ती नाही म्हणू शकते हे खरंच मनात धरून म्हण. आली तर दामदुप्पट फेड. एका मोडलेल्या ऑफला दोन दिवस, तेही तिला हवे ते. महिनाअखेरीपर्यंत फेडलं नाहीस तर ते बुडालं असं समज, कारण पुढच्या महिन्याची आपली वेगळी आग असते.

वरचे लोक तुला नियम ऐकवतील. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये स्पष्ट आहे की रजा हक्क म्हणून मागता येत नाही. खरं आहे, आणि साथीच्या दिवसांत हा नियम नसता तर वॉर्ड चालला नसता. पण तो कपाटात ठेवायचा असतो. दर आठवड्याला काढून कुणाच्या तोंडावर वाचायला लागलीस की बाया आजारी पडायला शिकतात. आणि साप्ताहिक ऑफ या नियमात गुंडाळू देऊ नकोस. ती रजा नाही. आठवड्यातून एक दिवस अंग टाकायला मिळावा म्हणून नारायण मेघाजी लोखंड्यांनी इथल्याच गिरणी कामगारांना घेऊन वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, तेव्हा 10 जून 1890 ला मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. त्याआधी यंत्र धुवायच्या दिवशी मिळेल ती सवड. आपल्याला वॉर्डात रविवार नाही, पण तो दिवस आपला आहेच, मंगळवारी का असेना.

आणि मंगळवारावरून तुझ्या घराचं बोलते, रागावू नकोस. जावईबापूंचा रविवार म्हणजे रविवार. सगळं घर हळू चालतं, मुलांना ‘बाबा झोपलेत’ म्हणून गप्प करतात. तुझा मंगळवार म्हणजे ‘तू घरीच आहेस ना?’ गॅसचा सिलिंडर मंगळवारी, बँकेचं काम मंगळवारी, सासूबाईंचा डोळ्यांचा डॉक्टर मंगळवारी. नाईट ऑफला तर कुणी सुट्टीच समजू नये. रात्रभर जागलेली बाई दुपारपर्यंत झोपते त्याला कुणी ऑफ म्हणत असेल तर त्याला एक नाईट करायला पाठव. दिवसा झोपलेल्या बाईला उठवून ‘भाजी कुठली करायची’ विचारणाऱ्या घरात मी राहिले नाही हे माझं भाग्य. वहिनींना मात्र दादाने दोनदा उठवलेलं मला ठाऊक आहे, तो हे वाचणार असेल तर वाचू दे.

कालनिर्णयच्या ज्या चौकोनात तुम्ही दुधाचा हिशेब लिहिता ना, त्यातच महिन्याच्या पहिल्या तारखेला तुझ्या पाळ्या लिही. मो, ई, ना, म्हणजे मॉर्निंग, इव्हिनिंग, नाईट. लाल पेनने ऑफ. जावईबापूंच्या मीटिंगाही तिथेच. सत्यनारायण ठरवायचा तर आधी त्या चौकोनात बघायचं, मग गुरुजींना फोन. सासूबाईंना हे बाहेरच्या बाईने सांगितलेलं आवडेल, माझं नाव सांग. दोघांचे ऑफ एकत्र आले तर सिलिंडरसाठी कोण थांबेल याचा निर्णय जावईबापूंवर सोड आणि तू देवळात नाहीतर मैत्रिणीकडे जा. दोन-चार मंगळवारांत फरक पडेल. पडला नाही तर मला सांग.

मी निवृत्त झाले तेव्हा माझ्या खात्यावर 300 दिवस अर्जित रजा शिल्लक होती. त्याहून जास्त साठत नाही. तिचे पैसे मिळाले, त्यातून हे घर रंगवलं आणि फ्रिज घेतला. तू तेवढी साठवू नकोस.

राहता राहिली लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. सगळी विचारपूस झाली, वही बघितली, चहा पाजला, तरी तेवढी एक पाळी उरते जी कुणालाच नको असते. फटाक्यांच्या आवाजात पेशंट घाबरतात, नातेवाईक लवकर घरी जातात, आणि साडेसातला सगळ्या शहरात दिवे लागलेले असताना आपण ट्रॉली ढकलत असतो. परिसेविकेला संध्याकाळ लागत नाही, आपली सकाळची ड्युटी, सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या दिवाळीला तिथे तू स्वतःचं नाव लिही. पुढच्या वर्षापासून वहीत तुझंही नाव इतरांसारखंच फिरेल, पण पहिलं तुझं. लिस्ट लावलीस की मला फोटो पाठव. चष्मा लावून तेवढीच एक ओळ बघणार आहे.